हिरवी टिक: निगेटिव्ह आलेल्या एका टेस्टची केस

ही केस लिहून काढायला मला बराच वेळ लागला. चूक एकट्या स्टुडंटची असती तर एव्हाना चार लेक्चरमध्ये सांगून मोकळा झालो असतो, पण त्या नोटखाली सही माझी आहे.

मी अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्या एका क्लिनिकमध्ये पीए आहे, म्हणजे फिजिशियन असिस्टंट. (२०२१ मध्ये आमच्या राष्ट्रीय संघटनेने 'फिजिशियन असोसिएट' असं नाव घ्यायचं ठरवलं, पेशंट मात्र आजही 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात आणि मी आजही दुरुस्त करत बसतो.) ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पीए पेशंट तपासतो, टेस्ट सांगतो, औषधं लिहून देतो, डॉक्टरांच्या टीममध्ये राहून. कोर्स साधारण २७ महिन्यांचा. पहिलं वर्ष वर्गात, मग रोटेशन, चार-सहा आठवडे इथे, चार-सहा आठवडे तिथे. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, सर्जरी, इमर्जन्सी, लहान मुलं, बायकांचे आजार, मानसिक आरोग्य हे सगळं करावंच लागतं. ऑन्कोलॉजीची, म्हणजे कॅन्सरच्या विभागाची, सक्ती नाही, हवी असेल तर इलेक्टिव्ह म्हणून घ्यायची. आणि लायसन्सच्या परीक्षेतसुद्धा कॅन्सर असा सलग विषय नसतो, आतड्याचा पचनसंस्थेत, फुप्फुसाचा श्वसनसंस्थेत, गर्भाशयाचा प्रजननसंस्थेत, असा अवयवागणिक वाटून टाकलेला. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे लागणार आहे.

पेशंटची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पहिली भेट

पेशंट ४६ वर्षांचे गृहस्थ, डिलिव्हरी ट्रक चालवतात, अंगाने दणकट. क्लिनिकमध्ये आले ते आजारी म्हणून नाही, रक्तदानाला गेले होते आणि तिथे बोट टोचून हिमोग्लोबिन बघितलं तर कमी निघालं म्हणून त्यांना परत पाठवलं. पुरुषांना रक्त द्यायला इथे किमान १३ लागतं. हे वर्षातून तीन-चार वेळा रक्त देणारे, अनेक वर्षांचा नेम, त्यामुळे त्यांना स्वतःला आजाराची काळजी कमी आणि नेम मोडल्याची चुटपुट जास्त.

स्टुडंट माझ्याकडे चौथ्या आठवड्यात होती. हुशार, अगदी पद्धतशीर. तिने आधी एकटीने बघितलं, मग बाहेर येऊन मला केस सांगितली. थोडा थकवा आहे, पण पहाटे चारला उठतात. वजन तेवढंच. शौचाला रक्त दिसलेलं नाही. घरात कॅन्सर? नाही. पाठीसाठी अधूनमधून आयबुप्रोफेन. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७५, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ८. म्हणजे लोह पार संपलेलं, यात वाद नव्हता.

तिचं म्हणणं असं, की नेहमी रक्तदान करतात, लोह कमी होणारच. रक्तदान थांबवू, लोहाच्या गोळ्या देऊ, आठ आठवड्यांनी परत बघू. आणि त्यांचं कोलोरेक्टल स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसतानाही करायची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, राहिलंय, वय ४५ च्या पुढे आहे, तर फिट टेस्ट (शौचाच्या नमुन्यात रक्त शोधणारी) पण देऊ.

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. "गुड कॅच."

कारण कॉम्प्युटरवर त्यांच्या चार्टच्या कडेला लाल अलर्ट होता, कोलोरेक्टल स्क्रीनिंग ड्यू, आणि आमच्या बहुतेक स्टुडंटना तो दिसतच नाही कारण ते समोरच्या तक्रारीत अडकलेले असतात. हिला दिसला. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२१ च्या मे महिन्यात सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, ते हिला पाठ होतं. फिट दरवर्षी, कोलोनोस्कोपी (मोठं आतडं दुर्बिणीने बघणं) दहा वर्षांनी, तेही पाठ. मी खूश. सही केली.

आठवड्याभरात फिट निगेटिव्ह आली आणि लाल अलर्ट जाऊन तिथे हिरवी टिक आली.

ती टिक कशाची होती

आता जरा थांबून हे नीट बघू, कारण अख्खी केस इथेच आहे.

फिट टेस्ट म्हणजे शौचाच्या नमुन्यात माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन सापडतं का ते बघणं. ज्याला काहीच त्रास नाही, ज्याची जोखीम चारचौघांसारखी आहे, अशा लाखो लोकांतून पुढे कोणाला पाठवायचं ते निवडायला ही उत्तम टेस्ट आहे, स्वस्त, घरी करता येते, पोट साफ करायचं औषध प्यावं लागत नाही. पण एका वेळच्या टेस्टमध्ये दर चार-पाच आतड्याच्या कॅन्सरमागे साधारण एक निसटतो. स्क्रीनिंगमध्ये ते चालवून घेता येतं कारण ती दरवर्षी करायची असते, यंदा निसटला तर पुढच्या वर्षी पकडू असा हिशोब. शिवाय पोटात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव असेल तर ग्लोबिन खाली येईपर्यंत पचून जातं, फिटला ते दिसतच नाही.

आता या गृहस्थांकडे बघा. यांना लक्षण होतं. थकवा नव्हे, थकवा तर सगळ्यांनाच असतो. लक्षण होतं ते फेरिटिन ८. पुरुषाच्या शरीरातून लोह असं उगाच जात नाही, पाळी नाही, बाळंतपण नाही, म्हणजे कुठूनतरी रक्त जातंय आणि ते कुठून हे शोधायचं. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनची २०२० ची गाइडलाइन स्पष्ट सांगते की पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोहाच्या कमतरतेने ॲनिमिया असेल तर वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बिणीने बघा, पोटाची तक्रार नसली तरी. फेरिटिनची सीमारेषा त्यांनी ४५ धरलीय. आमचं ८ होतं.

म्हणजे ज्या क्षणी लोह कमी आहे हे कळलं त्या क्षणी हे गृहस्थ स्क्रीनिंगच्या रांगेतून बाहेर पडले होते आणि तपासाच्या रांगेत गेले होते, आणि आम्ही त्यांना पहिल्या रांगेतलं तिकीट दिलं. निगेटिव्ह फिटने एकाच गोष्टीचं उत्तर दिलं, त्या नमुन्यात रक्त सापडलं नाही. आम्ही तिला विचारत होतो वेगळंच.

रक्तदानाचं काय, तर रक्तदानाने लोह कमी होतं हे खरंच आहे, म्हणूनच हे कारण इतकं गोड लागलं. खोटं कारण माणूस सहज टाकून देतो, अर्धं खरं असेल तर चिकटून बसतो. पण ते इतकी वर्षं रक्त देत होते आणि दरवेळी हिमोग्लोबिन पास होत होतं, मग यंदाच काय झालं हा प्रश्न आम्ही दोघांनीही विचारला नाही.

आणि पैशाचीही एक गोष्ट आहे जी मी कुठल्या लेक्चरमध्ये ऐकलेली नाही. पेशंटने स्टुडंटला विचारलं होतं की कोलोनोस्कोपीला किती पडतील. स्क्रीनिंग म्हणून केली तर इन्शुरन्सला पूर्ण भरावी लागते. २०२२ पासून तर फिट पॉझिटिव्ह आल्यावर करायची कोलोनोस्कोपी पण स्क्रीनिंगचाच भाग धरतात, पेशंटच्या खिशाला हात नाही. पण लक्षणासाठी केली तर ती डायग्नोस्टिक, आणि मोठ्या डिडक्टिबलच्या (इन्शुरन्स भरायला लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेच्या) प्लॅनवाल्याला ती चांगलीच महाग पडते. त्यांचा प्लॅन तसाच होता. तिने प्रामाणिकपणे फरक सांगितला, आणि ते म्हणाले मग आधी फुकटवाली करू. फुकटवाली आणि महागवाली असं मांडलं की ऐकणाऱ्याला वाटतं दोन्ही एकाच कामाच्या, फक्त किमतीत फरक, आणि तसं वाटणाऱ्या माणसाला आपण दोष देऊ शकत नाही.

पुढचे आठ महिने

मार्चमध्ये हे झालं. दोन आठवड्यांनी स्टुडंटचं रोटेशन संपलं, ती सर्जरीला गेली. मे महिन्यात हिमोग्लोबिन १२.१, सगळे खूश, गोळ्या चालू ठेवा. (गोळ्यांनी वाढलं म्हणजे गळती थांबली असं होत नाही, नळ चालू ठेवून गळकी बादली पण काही वेळ भरलेली दिसते.) उन्हाळ्यात ते आले नाहीत. ऑक्टोबरमध्ये आले ते बायकोने ढकलून पाठवलं म्हणून, ट्रकमध्ये चढताना धाप लागत होती. हिमोग्लोबिन १०.४. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, माझ्या जागी असलेल्या सहकाऱ्याने मागचे रिपोर्ट उघडले आणि त्याच दिवशी गॅस्ट्रोकडे फोन लावला.

नोव्हेंबरमध्ये कोलोनोस्कोपी. सीकममध्ये, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे, गाठ. उजव्या बाजूचे कॅन्सर असेच असतात, आतडं तिथे रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे अडकून पोट फुगणं वगैरे फार उशिरा, आधी दिसतो तो ॲनिमिया. हे सुद्धा आमच्या स्टुडंटना पाठ असतं हो.

ऑपरेशन झालं, १९ लिम्फ नोड तपासले, २ मध्ये कॅन्सर. तिसरी स्टेज. मार्चमध्ये काढलं असतं तर दुसरी असती का, हे मला खूप जणांनी विचारलंय आणि मी स्वतःला त्याहून जास्त वेळा. याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि 'कदाचित काही फरक पडला नसता' हे वाक्य मी मुद्दाम वापरत नाही, ते माझ्या सोयीचं आहे.

मग पॅथॉलॉजीचा दुसरा रिपोर्ट आला. आता आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर मिसमॅच रिपेअर प्रथिनांची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, तपासणी होते. यात त्यातली दोन, एमएसएच२ आणि एमएसएच६, दिसत नव्हती. रक्तातल्या जेनेटिक टेस्टने पक्कं झालं, लिंच सिंड्रोम, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा जीनमधला बदल, ज्याने आतड्याच्या, गर्भाशयाच्या आणि आणखी काही कॅन्सरचा धोका खूप वाढतो. जेनेटिक काउन्सेलरने वंशावळ काढली तेव्हा बाहेर आलं की आईला ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन होऊन ती बरी झाली, नंतर म्हातारपणी हृदयविकाराने गेली. मामा पन्नाशीच्या आत पोटाच्या कसल्याशा आजाराने गेला.

आणि आमच्या नोटमध्ये काय लिहिलेलं, घरात कॅन्सर: नाही.

पेशंट खोटं बोलले नव्हते. त्यांना विचारलं गेलं "घरात कुणाला कॅन्सर आहे का", त्यांनी डोळ्यासमोर घर आणलं, त्यात कुणालाच नव्हता. आईचं 'बायकांचं ऑपरेशन' झालं होतं, ती त्यातून बरी झाली होती, तो त्यांच्या लेखी कॅन्सर नव्हताच. आणि बऱ्याच स्टुडंटना (आणि खरं सांगायचं तर प्रॅक्टिसमधल्या लोकांनाही) आतड्याच्या केसमध्ये गर्भाशयाचा इतिहास विचारायचं सुचत नाही, कारण आपण तो वेगळ्या महिन्यात, वेगळ्या धड्यात, वेगळ्या अवयवाखाली शिकलेलो असतो. लिंचला अवयवांच्या धड्यांशी काही देणंघेणं नाही.

पेशंटला सांगणं

हे टाळून पुढे जाता आलं असतं. ऑन्कोलॉजी त्यांना बघत होती, आमच्याकडे ते ब्लड प्रेशरपुरते. मी क्लिनिकच्या मेडिकल डायरेक्टरशी बोललो, मग त्यांना आणि त्यांच्या बायकोला बोलावलं.

वाईट बातमी सांगायची पद्धत आम्ही स्टुडंटना स्पाइक्स नावाने शिकवतो, सहा पायऱ्या: जागा नीट निवडा, त्यांना काय कळलंय ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, मग भावनांना जागा द्या, मग पुढचं ठरवा. मी ती वर्षानुवर्षं शिकवलीय. पण ती पद्धत धरून चालते की बातमी वाईट आहे आणि सांगणारा निर्दोष आहे. इथे तसं नव्हतं, त्यामुळे मी सरळ सांगितलं की मार्चमध्ये तुम्हाला जी टेस्ट दिली ती तुमच्या परिस्थितीत पुरेशी नव्हती, तेव्हाच कोलोनोस्कोपीला पाठवायला हवं होतं, तो निर्णय मी मान्य केला होता, मला माफ करा.

ते बराच वेळ गप्प. बायको म्हणाली, "आम्हाला ॲपवर दिसत होतं की ते पूर्ण झालंय." पेशंट पोर्टलवर हिरवी टिक त्यांनाही दिसत होती. उन्हाळ्यात ते का आले नाहीत ते मला तेव्हा कळलं.

मग गृहस्थांनी एकच विचारलं, माझ्या मुलीचं काय. मुलगी १९ वर्षांची.

स्टुडंटला सांगणं

हे करायला मला आणखी तीन आठवडे लागले. ती तेव्हा शेवटच्या रोटेशनवर होती, लायसन्सच्या परीक्षेची तयारी चाललेली. फोन केला, पेशंट आठवतो का विचारलं, लगेच आठवला, रक्तदानवाले. मी सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली,

"पण फिट निगेटिव्ह होती ना?"

मी या वाक्यावर खूप विचार केलाय. नऊ महिने झाले होते, एव्हाना तिने सर्जरी केली होती, इमर्जन्सी केली होती, आतड्याचे कॅन्सर ऑपरेशन टेबलवर बघितले होते, आणि तरी तिच्या डोक्यात ती टिक हिरवीच होती. कारण ती चुकीची ठरल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. सहा आठवड्यांचं रोटेशन, आणि कॅन्सरची गोष्ट नऊ महिन्यांची, कधी नऊ वर्षांची. स्टुडंट सुरुवात बघतात किंवा शेवट बघतात, एकाच माणसाची सुरुवात आणि शेवट सहसा बघत नाहीत.

पीए ट्रेनिंग मुळात घाईच्या साच्यातून आलंय. १९६५ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली बॅच सुरू केली ती नौदलात कॉर्प्समन म्हणून काम केलेल्यांना घेऊन, आणि नमुना होता दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांना झटपट तयार करण्याचा. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः त्यातूनच आलोय आणि ते लोक आधीच कामात मुरलेले होते. पण झटपट ट्रेनिंगमध्ये ज्या गोष्टी लगेच कळतात त्या छान शिकता येतात. टाके चुकले तर दुसऱ्या दिवशी दिसतं. कॅन्सर हुकला तर तो हुकवणारा माणूस तोपर्यंत दुसऱ्या गावी नोकरीला लागलेला असतो, आणि आपण चांगलं काम केलं असंच समजत असतो.

वर आणखी गंमत म्हणजे त्या वर्षीच्या हेडिसच्या आकड्यांत, म्हणजे क्लिनिकची क्वालिटी ज्यावरून मोजतात त्यात, हे गृहस्थ आमच्या यशाच्या बाजूला मोजले गेले. नियमाप्रमाणे बरोबरच आहे, त्या वर्षात फिट झाली होती.

मग शिकवण्यात काय बदललं

प्रोग्रामच्या लोकांशी बसलो तेव्हा पहिली सूचना आली, स्क्रीनिंगवर एक लेक्चर वाढवू. मी म्हटलं स्क्रीनिंग त्यांना आधीच येतं, तोच तर घोळ आहे. परीक्षेच्या प्रश्नात 'लक्षणं नसलेला, सर्वसाधारण जोखमीचा पुरुष' असं छापून आलेलं असतं, मुलं त्यापुढचं बिनचूक लिहितात. क्लिनिकमध्ये ते पहिले शब्द छापलेले नसतात, ते आपण ठरवायचे असतात, आणि ते ठरवायची प्रॅक्टिस कुठेच नाही.

म्हणून आम्ही तीन पेशंट तयार केले, कागदावर. तिघेही ४६ वर्षांचे पुरुष, तिघांच्या चार्टवर तोच लाल अलर्ट. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याचं फेरिटिन ८. तिसऱ्याला काही त्रास नाही पण आईला ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर आणि मामा लवकर गेलेला. पहिल्याला फिट चालेल, कोलोनोस्कोपी चालेल, त्याला जे खरंच जमेल ते. दुसऱ्याला फिट द्यायचीच नाही, दोन्हीकडून एन्डोस्कोपी. तिसऱ्याला आधी जेनेटिक काउन्सेलिंग, आणि तोपर्यंत कोलोनोस्कोपी लांबवायची नाही. पहिल्या वेळी वर्गातल्या बहुतेकांनी तिघांनाही फिट दिली. दुसऱ्याला का दिली विचारलं तर एकजण म्हणाला, "अलर्ट होता." निदान प्रामाणिक तरी होता.

एकदा एका मुलाने आतड्याच्या कॅन्सरवरच्या तासात चॅडविक बोझमनचं नाव काढलं, २०२० मध्ये गेलेला अभिनेता, वय ४३, आतड्याचाच कॅन्सर, मुलांना तो बरोबर आठवतो. मग मी विचारलं की ४५ ची गाइडलाइन तेव्हा असती तर तो त्यात बसला असता का. वर्ग शांत. निदान २०१६ मध्ये झालं होतं, चाळिशीच्याही आत. त्या वयाच्या माणसाला अलर्ट वाचवत नाही, लक्षणाकडे लक्ष देणारा कुणीतरी लागतो. हे मी दहा स्लाइडमध्ये सांगू शकलो नसतो.

घरातला इतिहास विचारायचा सराव ही दुसरी गोष्ट, आणि इथे आम्ही एक गाढवपणा केला. पहिल्या वेळी मुलांना एकमेकांची वंशावळ काढायला सांगितली. अर्ध्या तासात एका मुलीच्या लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या घरातलं चित्र काही बरं नाही, भर वर्गात. तिला नंतर नीट मदत मिळाली, पण तो प्रकार बंद. आता पेशंटची भूमिका करणारी माणसं बोलावतो, त्यांना सूचना एकच, 'घरात कॅन्सर?' असं विचारलं तर 'नाही' म्हणायचं. मग स्टुडंटने माणूस माणूस घेऊन विचारायचं, आई आहे का, नसेल तर कितव्या वर्षी गेली, कशाने, कधी मोठं ऑपरेशन झालं होतं का, कशासाठी, मग वडील, मग भावंडं, मग मामा-मावश्या, काका-आत्या, मग आजी-आजोबा. पाच-सहा मिनिटं लागतात. क्लिनिकमध्ये एवढा वेळ नाही ही तक्रार दरवेळी येते आणि ती खोटी नाही. मी म्हणतो सगळं एका भेटीत नको, पण ॲनिमियाच्या पेशंटला तरी.

तिसरी गोष्ट यादी. हिला फार कष्ट पडले आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची. स्टुडंट रोटेशन सोडताना उघड्या राहिलेल्या गोष्टींची यादी माझ्या हातात देतो, कुठली टेस्ट द्यायचीय, कुठला रेफरल गेलाय पण अपॉइंटमेंट झाली की नाही माहीत नाही. स्वतःकडे तो नाव-जन्मतारीख काही ठेवत नाही, नुसता नंबर, प्रायव्हसीचा कायदा आहे. सहा महिन्यांनी आणि वर्षाने मी प्रत्येक नंबरपुढे दोन ओळी लिहून पाठवतो. बहुतेक ओळी कंटाळवाण्या असतात, कोलोनोस्कोपी नॉर्मल, मॅमोग्राम नॉर्मल. काही जण उत्तरही देत नाहीत, नोकरीला लागलेले असतात. पण एकाने सिगारेट ओढणाऱ्या बाईंना लो-डोस सीटीला, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगला, पाठवलं होतं, ५० ते ८० वय आणि २० पॅक-इयरच्या (रोज एक पाकीट अशी २० वर्षं) नियमात बसत होत्या. त्यात बारीक गाठ सापडून वेळेत ऑपरेशन झालं, ते कळल्यावर त्याने मला फोन केला आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की चांगलं निघाल्याचं कळवायचंही आम्ही इतकी वर्षं विसरलोच होतो.

आणि अर्धा दिवस केमोच्या इन्फ्युजन रूममध्ये, तिथल्या नर्सेस आणि ऑन्कोलॉजीतल्या पीएबरोबर. हे ऑन्कोलॉजी रोटेशन नव्हे, पण प्रायमरी केअरवाल्याला जेवढं यायलाच हवं तेवढं तिथे दिसतं. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असलेला माणूस फ्रिजमधली बाटली धरू शकत नाही, थंड लागलं की बोटांत झिणझिण्या. आमच्या गृहस्थांना तीन महिने केमो झालं, गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी सलाइन, आणि एका संध्याकाळी त्यांच्या बायकोने ऑन्कोलॉजीऐवजी आमच्याकडे फोन केला, सवयीने, की ताप १०१.२ आहे, टायलेनॉल (पॅरासिटामॉल) देऊ का. फोनवर तेव्हाची नवी स्टुडंट होती. तिने टायलेनॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघा म्हटलं नाही, आत्ता इमर्जन्सीत जा आणि पोचल्यावर पहिलं वाक्य 'केमो चालू आहे' हे बोला म्हणाली, मग स्वतः ऑन्कोलॉजीला कळवलं. त्यांचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या दिवशी ठीक निघाले. नसते निघाले तर तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं होतं, आणि ते घरून फोनवर कळत नाही.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. तीन पेशंटवाल्या सरावानंतरच्या पहिल्याच बॅचमधल्या एकाने २३ वर्षांच्या मुलीला, जिला पाळीत प्रचंड रक्तस्राव होतो, लोह कमी दिसताच दोन्हीकडून एन्डोस्कोपीला पाठवायचं ठरवलं. पाळीबद्दल विचारलंच नव्हतं. आधी हिरवी टिक पाठ केलेली, आता फेरिटिन पाठ केलं. मग चौथी पेशंट तयार केली, तीच.

आत्ता

गृहस्थांचं केमो संपून वर्ष होत आलं. सीईए (कॅन्सर परतल्याचा इशारा देणारी रक्ततपासणी) आणि स्कॅन आत्तापर्यंत स्वच्छ. लिंचमुळे कोलोनोस्कोपी आता दर एक-दोन वर्षांनी. बोटं अजून थोडी बधिर आहेत, स्टिअरिंग धरायला त्रास नाही पण शर्टाची बटणं बायको लावते. रक्तदान बंद झालं याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

मुलीने टेस्ट केली, तिच्यातही तो बदल आहे. तिची पहिली कोलोनोस्कोपी विशीच्या सुरुवातीलाच ठरलीय. हे कळल्यावर ती रडली आणि मग तिने दर वर्षी कोणत्या महिन्यात करायची ते कॉलेजच्या सुट्ट्या बघून स्वतःच ठरवलं.

गृहस्थांची बहीण ४३ वर्षांची, ती पण आमच्याच क्लिनिकमध्ये येते. तिला टेस्ट नकोय. कारण भीती नाही. तिने वाचलंय की २००८ च्या जेनेटिक भेदभावाविरुद्धच्या कायद्यात हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरी येते, लाइफ इन्शुरन्स येत नाही, आणि तिला आधी तो घ्यायचाय. याला चूक म्हणता येत नाही. सध्याच्या स्टुडंटने तिला समजवायचा फार आग्रह केला नाही, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्त जातं का तेवढं विचारलं, गेलं तर थांबू नका, लगेच फोन करा म्हणाली, आणि घरातल्या इतिहासावरून कोलोनोस्कोपी टेस्टशिवायही करता येते हे सांगितलं. बहीण म्हणाली बघते.

स्टुडंटचं रोटेशन येत्या शुक्रवारी संपतंय. तिने दिलेल्या यादीत हा नंबर सगळ्यात वर आहे, पुढे लिहिलंय, 'दोन महिन्यांनी परत विचारायचं'.